मक्याची कुठली, रायची कुठली

गेल्या वर्षी तापात आमच्या आबांचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवरच होतं, मिशीवर पहारा देत. वास तेवढा गेला. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, ताटात टाकणं म्हणजे गुन्हा मानणारा, भाकरीचा तुकडा नुसता फिरवत बसायला लागला. "माती खाल्ल्यागत लागतंय," म्हणायचे. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला तशी माझी झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, उग्र वास रोज हुंगायला द्या. नाक येईलही, नाही पण यायचं.

मी त्यांची लेक, सांगलीतल्या हळदीच्या अडत्याची बायको. हळद, सुंठ, लवंग, सगळं नेऊन त्यांच्या नाकाला लावलं. दोन दिवसांत वैतागले. "मला काय देव केलाय व्हय गं, रोज नवा धूप दावायला?"

तेवढ्यात अमेरिकेतला भाऊ कराडजवळच्या आमच्या मळ्यावर येऊन गेला आणि व्हिस्कीच्या दोन बाटल्या ठेवून गेला. एक बर्बन, एक राय. वर लाजत म्हणाला, "आबा, ह्या स्वस्तातल्या हायत. तिकडं कामकरी माणसं घेतात." पहिली मक्याची, दुसरी राय नावाच्या, गव्हाच्या भावकीतल्या धान्याची. मका म्हटल्यावर आबा हसले. "म्हशीची वैरण की रं ती!" ताप आल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. संध्याकाळची कँटीनची रमसुद्धा तेव्हापासून सुटली होती. डॉक्टरांना विचारलं, घोटभराला हरकत नव्हती. म्हटलं चला, धूप नको तर हे हुंगा. दर रविवारी येते, कुठली कुठली ते ओळखायचं.

आबांनी अट घातली, "एकटा न्हाई पिणार. तू बी चाखायची."

अगं बाई! आमच्यात भावानंसुद्धा कधी आबांसमोर ग्लास धरला नाही, आणि मी? आईनं कपाळावर हात मारला. "आवं, लेकीला दारू पाजताय? जनाची न्हाई तर मनाची तरी!"

"पाजत न्हाई. पारख करायला बसवतोय," आबा म्हणाले. मला तेव्हा आबांचा जो अभिमान वाटला, तो त्यांच्या मेडलांचाही कधी वाटला नव्हता.

रंग दिसू नये म्हणून मी आतून स्टीलच्या दोन फुलपात्रांत घोट घोट ओतून आणायची. आधी मी चाखायची, मग आबा. मी तोंड वाकडं करायच्या तयारीनं बसले होते, खरं सांगते, चाट पडले. बर्बन म्हणजे गुळाच्या काहिलीच्या कडेला चिकटलेली, जरा जास्त शिजलेली काकवी, आणि मागून भाजल्या कणसाचा वास. घशातून उतरताना रागवत नाही. राय वेगळ्या स्वभावाची. आधी गप्प, मग मिरी आणि बडीशेप एकदम अंगावर. गोडवा आहे, पण मागाहून, आढेवेढे घेत. मला तीच जास्त आवडली. माझ्या स्वभावाची म्हणून असेल. स्वस्त म्हणे! ज्यानं कुणी ह्या केल्या, त्यानं कुठं हात आखडता घेतलेला नाही.

आबा फुलपात्र नाकाशी धरायचे, माझ्याकडं बघायचे आणि ठोकून द्यायचे. "ही मक्याची. ही रायची." बरोबर! दर रविवारी बरोबर! आणि वर भाकरी संपवायचे, कोरड्यास, म्हणजे कालवण, मागून घ्यायचे. आबांचं नाक येतंय म्हणून मी सगळ्या पेठेत सांगत सुटले.

मग एका रविवारी फडताळात एकच बाटली दिसली.

"दोन्ही निम्म्या निम्म्या लोळत व्हत्या," आई म्हणाली. "एकीत वतल्या. दुसरीत फिनेल भरलंय."

माझा पारा चढला. "आई, ते काय गोडंतेल हाय व्हय?"

"मग? दोन्ही दारूच की!"

कप्पाळ माझं! बाहेर सोप्यात आबा वाट बघत बसलेले. मुकाट्यानं तेच मिश्रण दोन्ही फुलपात्रांत ओतलं. चाखताना मी मुद्दाम पहिल्याला हसले, दुसऱ्याला मिरी लागल्यासारखं नाक मुरडलं. मनात मात्र घोकत होते, आबा, दोन्ही एकच लागतंय म्हणा. एकदा म्हणा.

आबांनी हुंगलं, माझ्याकडं बघितलं. "ही मक्याची. ही रायची."

मला राहवेना, म्हणून सांगून टाकलं. "आबा, दोन्ही एकच हाय. आईनं एकत्र केली."

आबांनी फुलपात्र खाली ठेवलं. मग मिशीतल्या मिशीत हसले. "घावलो म्हण की."

"म्हंजे वास?"

"कवाच आला न्हाई. पैल्या दिसापासनं तुझं तोंड वाचतोय. रायला तुझं नाक उडतंय."

मला रडू फुटलं आणि रागही तितकाच आला. "इतके दिस फसवलंसा मला! आणि भाकरी? ती कशी जात व्हती मग?"

"तू समोर बसून जेवतीस नव्हं," आबा म्हणाले. "ठेच्याला सुस्कारतीस, वांग्याला मान हलवतीस. ते बघून आठवतं, हे असं लागत असतंय. तेवढ्यावर जाती भाकरी. तू नसलीस की पुन्यांदा माती."

आईनं आतून ताटं आणली. तिनं सगळं ऐकलं होतं. माझं ताट उचलून आबांच्या बरोब्बर समोर मांडलं. मी पदरानं डोळे पुसले आणि ठेचा चांगला भरून घेतला.

"खा गं लौकर," आबा म्हणाले. "मला भूक लागलीया."