चटई आपली, भुई त्यांची

"चटई आपली, भुई त्यांची. का, ते विचारायचं नाही."

हा नियम मला दाजीकाकांनी सांगितला, तेव्हा मी परकर सावरत चालायला शिकत होते. दाजीकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आणि आमच्या मंडळीतले सगळ्यात मोठे वडीलधारे. आमच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) उजवीकडे लांबलचक चटई अंथरलेली असते आणि डावीकडे नुसती भुई. चटईवर बसतात ती वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेली घराणी. भुईवर बसतात ते चेरीतले, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतले ख्रिस्ती. प्रभुभोजनाचा प्याला आधी चटईकडे येतो, मग भुईकडे जातो.

आमचे आजोबा इथे तमिळ मुलखातल्या मराठी राजांच्या राजवाड्यात कारकून होते. राज्य खालसा झालं, नोकरी गेली, ते मिशनच्या शाळेत शिकवायला लागले आणि तिथेच ख्रिस्ती झाले. देव बदलला, भाषा बदलली नाही, बसायची जागाही बदलली नाही. मी मद्रासला जाऊन बी.ए. करून आले, तोवर मंडळीत एकच सुधारणा झाली होती: चटई नवी आणली होती.

आता मी मिशनच्या बायकांच्या दवाखान्यात काम करते. विलायतेहून आलेल्या डॉक्टरअम्मांची दुभाषी, कंपाउंडर, प्रसंगी नुसती कंदील धरणारी. अशा ठिकाणी किस्से साचत जातात, पंगतीनंतर भांडी साचतात तसे. घासायला बसलं नाही तर उंबऱ्यापर्यंत येतात. म्हणून आज बसले आहे.

त्यातले बहुतेक ज्ञानम्माळ अक्काचे. ती आमची नर्स. चेरीतली, म्हणजे भुईवरची. ख्रिस्ती असणं म्हणजे काय, हे मला तिनं शिकवलं आणि तिला ते माहीतसुद्धा नाही. आभार मानायला गेलं की ती हातात बादली देते.

•

माझा पहिला दिवस. सकाळची कॉफी आली. अक्कानं डोकं मागे टाकलं, टंब्लर हातभर वर धरला आणि ओठ न लावता धार घशात सोडली. आमच्याकडे सगळेच असं वरून पितात, पण अक्काची धार म्हणजे देवळाच्या घंटेची दोरी! सरळ, न हलणारी.

डॉक्टरअम्मांनी विचारलं, असं का? अक्का म्हणाली, भांडं उष्टं होत नाही, पुढच्या माणसाला संकोच नको. डॉक्टरअम्मांना ते फार आवडलं. त्यांनीही मान मागे टाकली.

कॉफी नाकात, कॉलरमध्ये आणि स्टेथोस्कोपच्या एका नळीत गेली.

खोकता खोकता त्या म्हणाल्या, "तारा, हिला सांग, पोट फाडणं याच्यापेक्षा सोपं आहे."

अक्कानं त्यांचं तोंड पुसलं आणि दुसरा टंब्लर भरला. म्हणाली, "तुम्ही ओठ लावा अम्मा. मी नंतर घासते."

•

एकदा तिरुच्चीकडून एक प्रचारक आले. जाडजूड पवित्र शास्त्र, त्याहून जाड आवाज. दवाखान्यातल्या प्रत्येकीला उभं करून ते विचारत होते, या वर्षी प्रभूसाठी किती आत्मे जिंकलेस? शिपायाच्या बायकोनं घाबरून आपल्या दोन्ही मुलांची नावं सांगितली.

अक्का तेव्हा पायरीवर बसली होती. समोर एक म्हातारी, डोक्यात जटा आणि उवा. लेकांनी घराबाहेर काढलेली. अक्का तेल लावून एकेक जट सोडवत होती.

प्रचारक पुढे येऊन थांबले. प्रश्न विचारला.

"आत्मे मला दिसत नाहीत, ऐया," अक्का मान वर न करता म्हणाली. "केस दिसतात. तेवढे विंचरते."

प्रचारकांनी शास्त्र काखेत मारलं आणि उन्हात गेलेली तेलाची वाटी उचलून तिच्याजवळ सावलीत ठेवली. तो माणूस मला तेव्हापासून आवडायला लागला.

•

डॉक्टरअम्मांच्या हाताखाली एक तरुण गोरी मिस्सी नव्यानं आली. पहिल्याच रविवारी ती देवळात शिरली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सरळ भुईवर अक्काच्या शेजारी जाऊन बसली. तिला वाटलं, उकाड्यात ही बाजू गार असेल!

चटईवर कुजबुज सुरू झाली. गोरी मिस्सी भुईवर आणि आपण चटईवर, हे कसं दिसतं? उठ म्हणायची कुणाची छाती नाही. उद्या कलेक्टरच्या कानावर गेलं तर? शेवटी दाजीकाकांनी खूण केली. दोघांनी चटईचं एक टोक उचललं, ओढत डावीकडे नेलं आणि मिस्सीच्या खाली सरकवलं. चटई रुंद. मिस्सीबरोबर अक्काही चटईवर आली, अक्काच्या मागच्या दोन म्हाताऱ्याही आल्या. आणि इकडे दाजीकाका धरून अर्धी मंडळी भुईवर.

त्या दिवशी स्तोत्र काय जोरात झालं म्हणता!

उपासना संपल्यावर मी दाजीकाकांना म्हटलं, आज मंडळी खरी एक झाली.

पुढच्या रविवारी चटई जागेवर होती. मिस्सीसाठी खुर्ची आली होती.

•

राजवाड्यामागच्या गल्लीत गोजीआत्या राहते. आमच्यासारखीच मराठी घरातली, पण हिंदू, सोवळ्याओवळ्याची कडक. तिची सून अडली. सुईणीनं हात टेकले. डॉक्टरअम्मा ओरत्तनाडूला गेलेल्या. शेवटी मी आणि अक्का गेलो, परसदारानं. पहाटेला मुलगा झाला, सून वाचली.

आम्ही निघालो तशी आत्या मागून घागर घेऊन आली आणि अक्काची पावलं पडली तिथे तिथे पाणी ओतत राहिली. अक्काची पिशवी आत राहिली होती. ती घ्यायला माघारी वळली आणि ओल्या दगडावर तिचा पाय सरकला. भिंत धरली म्हणून बरं. मी आत्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बी.ए.त शिकवलेलं सगळं बोलले. अक्का मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली.

त्याच सुनेचं दुसरं बाळंतपण आलं. आत्यानं आपणहून अक्कालाच बोलावलं. मुलगी झाली. आम्ही निघालो, मी मुद्दाम मागे वळून पाहिलं. घागर भरलेली होती, जागची हलली नव्हती.

मला गप्प राहवतं थोडंच? मी विचारलं, "आत्या, पाणी ओतायचं राहिलं काय?"

आत्या माझ्यावरच खेकसली. "मागल्या खेपेला घसरली की गे ती! पडली असती म्हणजे?"

घरी येईपर्यंत माझे डोळे पुसून होईनात. आत्यानं शास्त्राचं एक पानही वाचलेलं नाही.

•

मग पटकीची साथ आली. बायकांचा दवाखाना सगळ्यांसाठी उघडला. ओसरीवर माणसं, झाडाखाली माणसं. त्यांत एके दुपारी दाजीकाकांना आणलं. डोळे खोल गेलेले, हातपाय गार. त्यांचे दोघे मुलगे नाकाला कापराचा रुमाल लावून फाटकापाशी उभे. आत पाऊल टाकेनात. मी त्यांना दोष देत नाही. मलाही पळावंसं वाटत होतं.

अक्कानं काकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्या-चमच्यानं पेज पाजत राहिली. ओकले की पुसायचं, पुन्हा चमचा. काका तिचं मनगट धरून झोपायचे. ती हात सोडवायची नाही, दुसऱ्या हातानं शेजारच्या आजाऱ्याला वारा घालायची.

काका वाचले. देवाची दया, खरंच दया, आणि मी त्यासाठी आजही आभार मानते.

बरे होऊन ते देवळात आले, तेव्हा त्यांनी उभं राहून देवाचे, डॉक्टरअम्मांचे आणि सरकारचे आभार मानले. उपासनेनंतर अक्का तब्येत विचारायला त्यांच्याकडे गेली, तशी त्यांनी धोतराचा सोगा आवरला आणि झटकन मागे सरले.

मी विचारलंच. ते शांतपणे म्हणाले, "आजारात नियम नसतो, बाळ. बरं झालं की असतो."

मी रस्ताभर धुमसत होते. आणि अक्का हसत होती. मी चिडून विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे?

"पाहिलंस ना, ताराम्मा," ती म्हणाली, "किती झटकन मागे सरले ते? पायांत बळ आलं."

•

हा किस्सा मी घरी आईला सांगितला. आई वडीलधाऱ्यांपुढे कधी बोलत नाही. सणावाराला ती अक्कासाठी जेवण पाठवायची ते केळीच्या पानात बांधून, म्हणजे भांडं परत घ्यायला नको. त्यावरून मी तिच्याशी कित्येकदा भांडले होते. त्या दिवशी तिनं सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघताना तिनं माझ्या हातात पितळी डबा दिला, तिच्या माहेरचा, झाकणावर तिचं नाव कोरलेला. आत उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी आणि भात.

म्हणाली, "डबा तू परत आणू नकोस. तिला म्हण, सवडीनं स्वतः आणून दे. पुढच्या दारानं."

•

आणि आता कृपै.

यात्रेकरूंच्या गर्दीतून एक बाई दवाखान्यात आली, एकटी, दिवस भरलेली. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. मुलगी झाली आणि बाई दगावली. अंगावर जरीच्या काठाची जुनी साडी होती, तेवढीच तिची ओळख. अक्कानं त्याच साडीत मुलीला गुंडाळलं आणि चेरीत आपल्या घरी नेलं. शेळीचं दूध, कापसाची वात, रात्रंदिवस छातीशी. मूल टिकेल असं डॉक्टरअम्मांनाही वाटत नव्हतं. टिकलं. अक्कानं नाव ठेवलं कृपै, म्हणजे कृपा.

सुगीच्या सणाला कृपैचा बाप्तिस्मा ठरला. मला तिची धर्ममाता व्हायचं होतं. आदल्या संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी आम्हा दोघींना देवळात बोलावलं. दाजीकाका, आणखी तिघे आणि पाद्रीसाहेब चटईवर बसले होते. पाद्रीसाहेब भला माणूस, पण त्या दिवशी ते आपल्या पायांची नखं पाहत होते. अक्का मुलीला घेऊन भुईवर उभी. मी मधे, चटईच्या काठावर.

दाजीकाकांनी निर्णय सांगितला. मूल गोरं आहे. साडी जरीची आहे. म्हणजे मूल चांगल्या घराण्यातलं, चटईचं. ते चेरीत वाढणं बरं नव्हे. माझ्या घरी जागा आहे, माझी आई आहे. तेव्हा कृपै आजपासून आमच्याकडे. अक्काला अधूनमधून पाहता येईल, परसदारी येऊन.

अक्कानं मुलीला छातीशी ओढून घेतलं.

"तारा," काका म्हणाले, "मूल घे तिच्याकडून."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मग कृपैच्या अंगावरची साडी नीट केली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "घेतेस तर मानेखाली हात धर, ताराम्मा. मान अजून धरत नाही ती."

मी हात मागे बांधले.

"मी घेणार नाही, काका."

"वडीलधाऱ्यांनी ठरवलंय."

"ठरवलंय तर घ्या. मूल समोरच आहे. चटईवरून उतरा आणि अक्काच्या हातातून घ्या."

कुणी हललं नाही. त्या तिघांपैकी एक जण चाचरत म्हणाला, तिला मूल खाली ठेवायला सांग, मग आम्ही उचलू.

"खाली कुठे?" मी म्हटलं. "चटईवर ठेवायचं तर अक्काला चटईवर यावं लागेल. भुईवर ठेवलं तर भुई त्यांची. मला लहानपणापासून हेच शिकवलंय, आणि का ते विचारायचं नाही म्हणून मी विचारत नाही."

दाजीकाकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"या ना, काका," मी म्हटलं. "तुम्हाला तर तिचे हात ओळखीचे आहेत."

मांडीवर काकांच्या हाताची बोटं मनगट धरावं तशी वळली आणि तशीच राहिली. पाद्रीसाहेबांनी नखांवरून मान वर केली. कृपैनं केवढी तरी मोठी जांभई दिली, आणि अक्का जागच्या जागी डोलत तिला थोपटू लागली.

चटईवरून कुणी उठलं नाही. थोपटता थोपटता अक्का कृपैला घेऊन चेरीच्या वाटेला लागली, आणि मी कंदील धरून तिच्याबरोबर.