पलंगाखालचा उंबरा

फ्लॅट विकायला काढला तेव्हा वाटलं होतं, हातोहात जाईल. का नाही जाणार? वन बीएचके, दुसरा मजला, वसमतच्या बसस्टँडवरून चालत येण्यासारखा, आणि आतून सगळा नवा. ओट्याला काळा ग्रॅनाइट, खाली स्टीलच्या ट्रॉल्या, हॉलला पीओपी, दारापासून बाल्कनीपर्यंत एकसारखी पांढरी फरशी. सगळं माझ्या पगारातून. मी हळदीच्या गोदामात हिशेब बघते. बी.कॉम. आहे, आणि आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच. सांगावंसं वाटतं म्हणून सांगते. लग्न केलं नाही, त्याबद्दल इथं बोलायचं नाही.

विकायचं कारण माझी माय. तिच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर ढकलत चालते. इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी दोघा माणसांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं. वर आल्यावर घामाघूम झालेल्या त्या माणसांना चहा द्यायच्या आधी ती मला म्हणाली, "पुन्यांदा मला मड्यावानी उचलू नको." तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. जिचा पावसाळा सोडून सगळा जन्म मेंढरांमागं शिवारं तुडवण्यात गेला, ती बाल्कनीत बसून मोंढ्याच्या बाजारातल्या ट्रका मोजते. एकदा तेलाची वाटी घेऊन तिचे पाय चोळत होते तर म्हणाली, "मातीला पाय लागू दे गं बाई कवातरी."

परभणी रोडला तळमजल्याचं एक घर बघून ठेवलं. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात खरी माती. मालक थांबतो म्हणाला. पण माझा फ्लॅट गेला तरच ते घर.

आणि फ्लॅट जाईना, कारण त्याला उंबरा नव्हता.

उंबरे मीच काढले होते. नूतनीकरणाच्या वेळी न्हाणीचा, सैपाकघराचा आणि बाहेरच्या दाराचाही. मिस्त्री म्हणाला, "म्याडम, मोठ्या दाराचा तरी राहू द्या." मी म्हणाले, "माझी माय अडकून पडली तर तुम्ही येताल का उचलायला?" त्यानं छिन्नी उचलली. फरशी जिन्याच्या मोकळ्या जागेपर्यंत सपाट झाली. पुढं वॉकर आला तेव्हा त्याची चाकं सरळ समोरच्या फ्लॅटात जाऊ लागली. तिथं गादीवाल्याचं कुटुंब राहतं, त्यांच्या दाराला उंबरा नाहीच. त्याचं दुकान खाली आणि बायको वर मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवते. माय तिला भाबी म्हणते, ती मायला अम्मा. जुन्या गादीतला गठ्ठा झालेला कापूस माय तिथं बसून बोटांनी मोकळा करायची. लोकर निवडलेली बोटं ती, त्यांना काम लागतंच. दुपारी एवढंच तिचं बाहेर जाणं.

पहिलं गिऱ्हाईक जवळा बाजारचं. एजंट पुढं, मागं नवरा-बायको. बाई दारातच थांबल्या.

"उंबरा कुठंय?"

"काढलाय. फरशी पुसायला सोपं जातं," मी म्हणाले.

"काहून काढला वं? उद्या आमच्या पोराचं लगीन झालं तर सून माप कुठं वलांडल?"

पोरगं सोबतच होतं. सातवीत असेल. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं बुटाकडं बघितलं.

मी ट्रॉल्या उघडून दाखवल्या, नळ सोडून दाखवला. बाई मागं वळून दाराकडंच बघत होत्या. तेवढ्यात बाल्कनीतून मायनं भर घातली, "पानी चार दिसाला येतंय बगा. अन् हळदीच्या टायमाला हळद घासायच्या त्या पॉलिशच्या ढोलाचा आवाज लई. सगळं घर पिवळं व्हतंय."

"माय, तू गप."

"खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. म्हणून तर संताप आला.

पुढं एस.टी.तले एक कंडक्टर आले. ते म्हणाले, लक्ष्मी आली तशी निघून जाईल, अडवायला काहीच न्हाई. एक गुरुजी आले, चांगले एम.ए. झालेले. त्यांनी जिना, पार्किंग, पाण्याची टाकी सगळं बघितलं आणि जाताना हळूच म्हणाले, "माझं काही नाही हो, घरातले ऐकत नाहीत." अशिक्षित माणसाचा मला राग येत नाही. माझी माय अंगठा लावते. पण गुरुजींचा आला.

एजंट म्हणाला, "म्याडम, सागवानाची एक पट्टी ठोका. एवढ्यासाठी काहून अडून राहिल्या?"

"आणि वॉकर?"

"मंग म्या काय करू?"

यावर तोड मीच काढली आणि त्याचा मला अभिमानही वाटला. सुताराकडून चौकटीत घट्ट बसेल असा सुटा उंबरा करून घेतला. गिऱ्हाईक यायच्या वेळेला बसवायचा, गेलं की काढून पलंगाखाली सरकवायचा. माय बघून हसली. "नाटकातला हाय व्हय गं?" पण काही अडवलं नाही तिनं.

पहिल्याच खेपेला वारंगा फाट्याकडचं एक कुटुंब आलं. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. म्हातारी दारातच थांबली, पहिल्या बाईंसारखी. पण ती उंबऱ्याकडं बघून खूश झाली. मला म्हणाली, "करंडा आन गं लेकी." मी करंडा दिला. तिनं वाकून उंबऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले आणि उजवा पाय आत टाकला. मुलगा म्हणाला, "मायला पसंत म्हंजे झालं. मी दोन दिसांत कळवतो." त्या दिवशी गोदामातल्या सगळ्यांना पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते.

ते जिना उतरले आणि मी उंबरा काढायला वाकले.

"हात लावू नको," माय म्हणाली.

"अगं, तुला भाबीकडं जायचंय ना?"

"कुंकू लागलं त्याला. आता काय पलंगाखाली टाकती, चपलांजवळ?"

"माय, लाकूड आहे ते. परवा सुतारानं माझ्यासमोर कापलं."

"परवा व्हतं. आता त्या बाईचा उंबरा हाय. घर तिचं झालं."

मी उतरती फळी ठेवते म्हणाले. त्यावरून चाकं जातील. तर म्हणे, उंबऱ्यावरून गाडी नेतात का कुणी? मला राहवलं नाही. "जन्मभर पालात राहिलीस तू. पालाला कुठं होता उंबरा?"

"म्हनून तर मला ठावं हाय," ती म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

दोन दिवस गेले, पुढचे चार गेले. फोन नाही. माय दाराच्या आत खुर्ची टाकून बसायची, समोर भाबीची मशीन चालायची, दोघी दोन्ही दारांतून ओरडून बोलायच्या. एक दिवस मी गोदामात असताना एजंट दुसरं गिऱ्हाईक घेऊन आला. त्याचा फोन आला तो तापलेलाच. "तुमच्या माय म्हनून राहिल्या, घर दिलंय. कोनाला दिलं? मला न इचारता?"

घरी येऊन मी भांडले. चांगली भांडले, शेजारी ऐकतील एवढी. माय म्हणाली, "एकीनं कुंकू लावलेलं घर दुसरीला दाखवावं व्हय? तुमच्या कालेजात असं शिकवत्यात?"

शेवटी मीच वारंगा फाट्याला फोन लावला. मुलगा मोकळेपणानं म्हणाला, "ताई, आमी हिंगोलीत घेतलं की. सांगायचं राहूनच गेलं." मी मायला सांगितलं. ती बराच वेळ बोटाला बोट घासत बसली, कापूस नसताना.

"मंग कुंकू काहून लावलं तिनं?"

"मला काय विचारतेस?"

"पूस," ती म्हणाली. "अन् काड त्ये."

ओल्या फडक्यानं पुसलं तरी लाल डाग लाकडात राहिला. आणि उंबरा निघेना. इतके दिवस फरशी पुसून पुसून लाकूड फुगलं होतं. मी हातोडी घेतली. ठोकता ठोकता पांढऱ्या फरशीचा कोपरा उडाला. त्यातच फोन. एजंट.

"म्याडम, चार वाजता पार्टी आनून राहिलो. उंबरा हाय न बसवलेला? म्या सांगून ठेवलंय त्यांला, हाय म्हनून."

माय माझ्या मागं वॉकर धरून उभी होती. वाट मोकळी होईपर्यंत थांबली होती.

"नाही," मी म्हणाले. "उंबरा नाही. तसं सांगा त्यांना, आणि चालत असेल तर आणा."

"मंग इकतच न्हाई म्याडम ह्यो फ्लॅट." फोन बंद.

आणखी दोन घाव घातले तेव्हा उंबरा सुटला. माय निघाली. फुटल्या कोपऱ्यात चाक अडकलं, तिनं ते उचलून पुढं टाकलं. समोरून भाबीचा आवाज आला, "आव अम्मा, कित्ते दिनां हो गये!"

चार वाजता कुणी आलं नाही. मी उंबरा मांडीवर घेऊन दारात बसले होते. परभणी रोडच्या मालकाला फोन करून अजून थोडं थांबा म्हणायचं होतं. फोन हातात होता. तो काही मला लावता येईना.