डब्यावरची चिठ्ठी

इरफानभाऊ एकट्याच्या वाचण्यावर कधी विश्वास ठेवत नसत. काम संपत आले की मला स्वयंपाकघरातून हाक मारत, "मंदाताई, हात पुसा अन् या." मग पडद्यावर बोट ठेवत. "वाचा." मी वाचायची, "चार, दोन, सात." ते हातातल्या कागदाकडे पाहत. "पुन्हा." तिसऱ्यांदा वाचून झाले की एक बटण दाबत आणि खुर्चीत मागे रेलत. "गेला डबा."

राळेगावात त्यांच्या वडिलांचे मोटारपंप दुरुस्तीचे दुकान होते. वडील गेले, दुकान बंद झाले आणि वरच्या खोलीत इरफानभाऊंचा कॉम्प्युटर आला. हृदय फुगले म्हणून पुण्याची नोकरी सोडून ते घरी परतले होते. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. चौथी शिकलेली मी, चारचौघांत तोंड उघडत नाही. तरी एकदा विचारलेच, "भाऊ, हे काय करून राह्यले तुमी दिवसभर?"

त्यांनी सांगितले. देशोदेशीची माणसे मिळून दवाखान्यांसाठी एक प्रोग्राम लिहितात, रक्ततपासणीचे रिपोर्ट ठेवायचा. त्याला मालक नाही, कुणीही फुकट घ्यावा. तो लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका डब्यात बंद करायचा, वर आकड्याची चिठ्ठी लावायची आणि सगळ्यांसाठी बाहेर ठेवायचा, हे काम भाऊंचे. डब्याला ते कंटेनर इमेज म्हणत, चिठ्ठीला टॅग.

"लोक डबा उघडून पाहत नाही, ताई. चिठ्ठी वाचते अन् घेऊन जाते. म्हणून आतलं जरासं जरी बदललं, तरी चिठ्ठी नवी."

माझे अक्षर त्यांना आवडे. प्रत्येक आकडा माझ्याकडून कागदावर लिहून घेत आणि भिंतीला डकवत. त्यांच्या औषधांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्याही माझ्याच. त्यांच्या अम्मी चिडवायच्या, "अब इसकू मंदा मास्तरनी बोलना पडेगा!"

एका दुपारी मात्र भाऊच चुकले. डबा गेल्यावर तासाभरात त्यांना आत एक बारीक खोट दिसली. धाप लागली होती, मला हाक मारण्याचेही त्राण नव्हते. त्यांनी ती खोट दुरुस्त केली आणि नव्या डब्यावर तीच चिठ्ठी लावली. एवढ्या वेळात कोण नेतो, असे त्यांना वाटले. पण एका दवाखान्याने नेला होता. तिथे अर्ध्या मशीनवर जुना डबा, अर्ध्यांवर नवा, आणि आकडा एकच. दिवसभर रिपोर्ट उघडेनात आणि त्याचे कारण कुणाला सापडेना. भाऊंना कळले तसे त्यांनी लगेच सगळ्यांना लिहून कळवले, चूक माझी. भिंतीवरच्या त्या कागदाखाली मला लिहायला लावले, "हा घेऊ नये."

"फाडून टाका न, भाऊ. कायले ठेवता?"

"फाडला त ज्यानं नेला त्याले कसं समजन? मी चूप राह्यलो असतो, त ते बिचारे आपल्याच मशीनवर शक घेत बसले असते."

दिवाळीनंतर यवतमाळच्या डॉक्टरांनी हृदयाची गोळी बदलली. दिसायला तशीच पांढरी, पण ताकद दुप्पट, म्हणून दोनऐवजी सकाळी एकच. भाऊ आत तपासणीच्या खाटेवर होते, डॉक्टरांनी हे मलाच समजावले. पाकिटातून गोळी काढायला भाऊंच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून मी गोळ्या सुट्या करून डब्यात भरायची. त्या दिवशीही भरल्या. चिठ्ठी भाकरी टाकून झाल्यावर लिहू म्हटले आणि राहून गेले. भाऊंना सांगायचेही राहिले.

चार सकाळी त्यांनी माझे अक्षर वाचले, "सकाळी दोन", आणि दोन घेतल्या. पाचव्या दिवशी ते खुर्चीतून खाली कोसळले.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. अम्मी उशाशी होत्या.

"मंदाताई, डब्यातल्या गोळ्या त बदलल्या नाही ना?"

"नाही भाऊ. त्याच हायेत."

ते "बरं," म्हणाले आणि डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी ते गेले. हृदयच संपले होते, असे डॉक्टर म्हणाले. मी खरे बोलले असते तर त्यांना काही करता आले असते का, हे मला माहीत नाही. विचारायला मी गेले नाही.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तो डबा घेऊन मी अम्मींसमोर बसले आणि सगळे सांगितले. अम्मींनी डबा हातात घेतला. त्यांना आता नीट दिसत नाही.

"पढ, क्या लिखा है."

"सकाळी दोन."

त्यांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला.

"उसने पूछा था ना तेरे कू?"

"हो, अम्मी."

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "ले जा. कल से मत आ."

डबा माझ्याजवळ आहे. चिठ्ठी मी फाडली नाही. तिच्याखाली त्याच अक्षरात लिहिले, "चूक माझी. मंदा." मग मोठ्याने वाचले. पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा आवाज फुटला नाही.