रेडिओचं शिक्षण

दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांची मुलगी नापास झाली, म्हणून आता तिला विद्यापीठात बोलायला शिकवतायत, अशी बातमी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून वर पाठवली. गच्चीपर्यंत पोचेतो मुलगी तोतरी झाली होती.

खरं सांगायचं तर पोरगी बारावी चांगली पहिल्या वर्गात पास झाली होती. आणि तोतरेपणाचं म्हणाल, तर अख्खी बिल्डिंग तिला लहानपणापासून रेडिओ म्हणते, ते काय उगाच? "बंद करायचं बटण तेवढं सापडत नाही," असं तिची आईच सांगायची. रेडिओने विद्यापीठात विषय घेतला होता संवादशास्त्राचा. माणसं एकमेकांशी बोलताना कुठे अडतात, चार लोकांपुढे उभं कसं राहायचं, चिडलेल्याला ताळ्यावर कसं आणायचं, असलं सगळं.

मास्तरांच्या हे पचनी पडेना. कपडे शिवून पोट भरतं, पण बोलून? रेडिओने यादीच म्हणून दाखवली: जनसंपर्क, प्रशिक्षण, निवेदन, कंपन्यांमधली माणसांची भरती, हॉस्पिटलचा मदत कक्ष. मास्तरांनी काजं करता करता ऐकून घेतलं आणि अट घातली. तीन वर्षं खुशाल शीक. पण निकालानंतर तीन महिन्यांत नोकरी लागली नाही, तर दुकानात माझ्या शेजारी बसायचं. दुकानाचं तिला वावडं नव्हतं. पण जन्मभर गिऱ्हाइकांच्या कमरेभोवती टेप फिरवायची तिची तयारी नव्हती.

मुदतीचे दहा दिवस उरले असताना एका मोठ्या हॉस्पिटलच्या मदत कक्षातून बोलावणं आलं. तिघं उमेदवार, जागा एक. परीक्षा अशी की, समोर एक भडकलेला नातेवाईक, त्याला शांत करायचं. हा नातेवाईक म्हणजे हॉस्पिटलचाच रेकॉर्ड-क्लार्क. दहा मिनिटं आरडाओरडा करायचा त्याला हुकूम होता, आणि गडी मोठा हौशी. पहिल्या उमेदवाराने त्याला नियम ऐकवले. दुसऱ्याने अकरा वेळा माफी मागितली. दोघांपुढे क्लार्कसाहेबांना उलट चेवच आला.

रेडिओने त्याला खुर्ची दिली, वही उघडली आणि ती चक्क गप्प बसली. तो ओरडतोय, ही लिहितेय. मध्ये दोन प्रश्न विचारले, तेवढेच. चौथ्या मिनिटाला त्याचं भांडवल संपलं. मग तिने विचारलं, "म्हणजे आईचा रिपोर्ट दोनदा हरवला, आज तुमची तिसरी खेप, आणि आई घरी वाट बघतेय. तुमचं काही ऐकायचं राहिलं का?"

क्लार्कने नाही म्हणून मान हलवली. उरलेल्या सहा मिनिटांचं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चार दिवसांनी नेमणुकीचं पत्र घेऊन ती थेट दुकानात गेली. मास्तरांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग मुलाखतीची हकिगत ऐकली, आणि त्यांना राहवेना.

"तीन वर्षं बोलायला शिकलीस, आणि ऐन वेळी तोंडाला कुलूप? एवढं तर मी घरबसल्या शिकवलं असतं."

रेडिओने त्यांच्यापुढची कात्री उचलली आणि टेपच्या शेजारी ठेवली.

"बाबा, माप घेतल्याशिवाय तुम्ही तरी कापडाला कात्री लावता का?"