टाकीवरच्या डब्यातला कापूस

मासोळ्या टाकीच्या काचेवर आपटत होत्या. आडव्या व्हायच्या, पुन्हा उसळायच्या, तोंड वर काढायच्या. चहा होईपर्यंत बहुतेक तळाशी जाऊन पडल्या. नवरा खाटेवरून बघत होता. त्याला क्षय झाला होता, उठायची मनाई होती. बघण्यापलीकडे तो काही करू शकत नव्हता.

सासू दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "साबणाचे हात घातले असशीन."

"मी राखेनं भांडे घासतो, आत्याबाई. साबण तुमच्या पेटीत असते."

"मंग कशानं मेल्या? पाणी तर तूच घालतं."

दोन मासोळ्या अजून हलत होत्या. त्या वाटीनं उचलल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत विहिरीच्या पाण्यात सोडल्या. सासूवर माझा संशय होता, तिचा माझ्यावर होता. दोघींनी तो लपवला नाही.

तेव्हा आम्ही अकोल्याला राहत होतो. नवरा जिनिंग फॅक्टरीत फिटर. तो खाटेला लागल्यावर त्याच्याबरोबरच्या फिटरांनी लोखंडी पट्ट्या, काच आणि पुट्टी लावून ही टाकी बनवली, मासोळ्याही कुठून तरी आणल्या. पडल्या पडल्या बघायला काही तरी हवं म्हणून. पाणी गढूळ व्हायला लागलं तसं त्यानं खाटेवरूनच मला डबा करायला लावला. पत्र्याच्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं, त्यावर धुतलेली वाळू, वाळूवर कापूस. डबा टाकीवर ठेवायचा. रबरी नळीनं तळाचं घाण पाणी बादलीत ओढायचं आणि हळूहळू डब्यात ओतायचं. घाण कापसात अडकते, पाणी स्वच्छ होऊन खाली गळतं. रोज सकाळ-संध्याकाळ हेच. डब्यात पाणी तुंबलं की कापूस बदलायचा. काढलेला काळा कापूस त्याला दाखवावा लागायचा. तो बघून म्हणायचा, "आता दम घेतीन बिचाऱ्या." स्वतःला दम लागायचा ते सांगायचा नाही.

डॉक्टर मागच्या खेपेला स्पष्ट बोलून गेले होते. खोकला कमी झाला नाही, तर पुढच्या खेपेला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं. आमच्या गल्लीतला एक जण असाच गेला होता. त्याची वळकटी तेवढी परत आली. आणि डॉक्टर गेल्यापासून खोकला वाढतच होता. सासू म्हणायची टाकीची ओल छातीत जाते, टाकी काढ. मला वाटायचं, टाकी निघावी म्हणून हिनंच पाण्यात काही घातलं. मग वाटायला लागलं, पाण्यात घालणारी बाई दूध कशाला सोडेल? त्याला द्यायच्या आधी मी दुधाचा वास घ्यायला लागले.

"काय वास घेऊन राहिली वं?" तो विचारायचा.

"नासलं का ते पाहतो."

मग एके दिवशी सासू बाजारात गेली तशी मी टाकीपुढे बसले. नळी तीच, डबा तोच, वाळू तीच. पाणी विहिरीचं, तेच आम्ही पीत होतो. नवा होता फक्त कापूस. आधी औषधाच्या दुकानातला वापरायचो, तो संपला होता. सासू म्हणाली होती, "वऱ्हाडात राहून कापूस इकत आणता? लोकं हासतीन." पिंजाऱ्यानं गादी पिंजून भरल्यावर जो कापूस उरला होता, त्यातला तिनं काढून दिला. मासोळ्या मेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तो गरम पाण्यात भिजवून, पिळून डब्यात दाबला होता.

बरणीतली एक मासोळी मी लोट्यात घेतली. उरलेल्या ढिगातला चिमूटभर कापूस त्यात बुडवला आणि लोटा स्टुलावर ठेवला. दुसरी बरणीतच राहू दिली. एक मरणार हे मला माहीत होतं. वाईट वाटलं नाही, कळायला पाहिजे होतं.

दुपार व्हायच्या आत लोट्यातली उलटी झाली. बरणीतली फिरत होती.

नवरा कुशीवर वळून लोट्यात बघत होता. गाल उशीवर दाबलेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, उशी त्याच कापसाची, गादीही त्याच कापसाची. आणि खोकला वाढला तो पिंजारी येऊन गेल्यानंतर. मी वेड्यासारखी दुधाचा वास घेत बसले होते.

"उठा," म्हटलं.

"डॉक्टर नाही म्हणते ना."

"डॉक्टर या गादीवर झोपत नाही."

त्याला घोंगडी गुंडाळून खुर्चीवर बसवलं आणि उशीसकट गादी ओढत अंगणात नेली. सासू भाजी घेऊन आली तेव्हा गादी मातीत पडलेली.

"गादी काहून काढली?"

"हिच्यात काय टाकलं, आत्याबाई?"

तिनं पिशवी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "ढेकणं झाले होते. रातभर खाजवत होता. कापूस भरताना पावडर टाकली."

"कोणती?"

"भावाच्या पोरानं देली. तो मलेरियाच्या फवारणीवर हाये ना. डबाच देला. कोणाले सांगू नको, त्याची नोकरी जाईन."

"अन् तुमचा पोरगा?"

"मंग काय ढेकणाले खाऊ देऊ त्याले?" ती म्हणाली, आणि गादीजवळ बसून रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मला गादी गावाबाहेर टाकायची होती.

नवरा नुसत्या सतरंजीवर झोपायला लागला. टाकीतली वाळू फेकून दिली, काच घासून काढली, डब्यात जुन्या धोतराच्या घड्या घातल्या. घडी रोज धुवायची, उलटी करून पुन्हा लावायची. पाणी कापसाइतकं स्वच्छ येत नव्हतं, पण येत होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी छाती तपासली आणि अमरावतीचं नाव काढलं नाही. गादी गेल्यामुळे खोकला उतरला की इंजेक्शनांमुळे, ते मला ठाऊक नाही. ढेकणांचं सासू बोलली ते मी खरं मानलं. दुधाचा वास मात्र घेत राहिले.

उन्हाळा सरला तेव्हा त्या घरात नवरा, सासू, मी आणि बरणीतली ती एक मासोळी, एवढे जिवंत होतो.