काकूंना आत बोलवा

पत्नीच्या हृदयाचे ठोके तपासायला आम्ही ज्या दवाखान्यात जायचो, तिथला संमतीपत्रं भरून घेणारा कारकून मला खटकायचा. पेशंट पुरुष असला की तो कागद भराभर वाचायचा. बाई असली की कानावरचं पेन काढून एकच ओळ दोनदा वाचायचा. घाबरवून बिल वाढवत असणार, असा माझा संशय.

आमची पाळी आली तेव्हा म्हणाला, "काका, काकूंना आत बोलवा की."

"मलाच सांगा."

"मांडीच्या शिरेतनं हृदयापर्यंत नळी घालत्यात. तिथनं रक्त जायचा धोका बायकांना जरा जास्त असतोय. ओलं लागलं तर लाजू नका म्हणावं, लगेच हाक मारा."

मी सही केली आणि तिला काहीच सांगितलं नाही.

नळी काढल्यावर तिला ओलं लागलं, पण लाजेनं तिनं हाक मारली नाही. चादर भिजली तेव्हा नर्सची धावपळ झाली. ती थोडक्यात वाचली.

"त्या कारकुनानं काही सांगितलंच न्हाय," मी भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर ओरडलो. तो दारातच उभा होता. माझ्या सहीचा कागद त्याच्या हातात होता. त्यानं तो कुणालाच दाखवला नाही. का, ते मला अजून कळत नाही.

ती आजही त्याच्या नावानं बोटं मोडते. आज तिला हे वाचून दाखवणार आहे.