आबांच्या जीपचा हॉर्न

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. कापूरहोळ, दुकानामागचं मैदान. हजर: विंझरचे आबा, आबांचा थोरला मुलगा, भोरचे मिस्त्री चाचा आणि मी. गैरहजर: बाकी सगळे.

पूर्वी हजेरी लिहायला पान पुरायचं नाही. भोर रस्ता महामार्गाला मिळतो तिथं आमचं वायरिंगचं आणि स्पेअर पार्टचं दुकान. मागच्या मैदानात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुन्या जीपच्या सामानाची अदलाबदल व्हायची. आमच्या ह्यांनी ती सुरू केली. पुढे त्यांनी टायरचं दुकान वेगळं काढलं आणि बाजार माझ्याकडे आला. खडू, चहा, सतरंज्या, सांडलेल्या ऑइलवर टाकायला भुसा, सगळं मी बघायची. पुरुषांच्या बाजारात बाई कशाला, असं सुरुवातीला दोघातिघांनी विचारलं. त्यांना मी भुशाचं पोतं उचलायला लावलं, मग कोणी विचारलं नाही.

बाजाराची रीत सोपी होती. जीप घेऊन यायचं आणि तिच्या बॉनेटवर खडूने लिहायचं. डावीकडे काय हवं ते, उजवीकडे काय द्यायचं ते. पैसा काढायचा नाही. ज्याच्याकडून वस्तू मिळाली, त्यानेच तळहाताने ती ओळ पुसायची. आपली ओळ आपण पुसायची नाही. आणि घेतलेली वस्तू बसली नाही, तर दोन्ही वस्तू आपापल्या धन्याकडे परत.

तेव्हा जीपवर माणसं जगत होती. वेल्ह्याच्या, भोरच्या आतल्या गावांना एसटी दिवसातून एकदा जायची, उरलेली सगळी ने-आण वडापच्या जीपवर. आत बसतील तेवढे आत, बाकीचे मागच्या फळीवर लटकून. गाड्या चढावर मोडायच्या, नव्या सामानाला परवडायचं नाही. म्हणून भाटघरच्या बंद पडलेल्या जीपचं स्टिअरिंग आंबवण्याच्या जीपला, तिचा रेडिएटर तिसरीला. एखादी वस्तू बसत नसली तर चाचा ती बसवायचे. घासून, फट भरणारी कडी म्हणजे बुश मारून, लेथवर नेऊन. "बसत न्हाई म्हंजे काय? बसवायचं अस्तंय," हे त्यांचं वाक्य. आम्ही सगळे त्यावर खूश होतो.

मग घरोघरी मोटारसायकली झाल्या, पिकअप आल्या, वडाप कमी झालं. बाजार बसेल असं वाटत होतं, तेवढ्यात पुण्याची हौशी मंडळी आली. जुन्या जीप रंगवून डोंगरात फिरवणारी. दोन-तीन हिवाळे मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती, वडापावच्या गाड्याही लागायच्या. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती मंडळी काही आणत नव्हती, नुसती नेत होती. खिशातून पैसे काढायची. मी हरकत घेतली की बाजूला जाऊन द्यायची. आमच्याही लोकांना घरं होती, त्यांनी घेतले. गाड्यांचं सामान संपत गेलं. हौशी मंडळींनी मोबाईलवर आपला ग्रुप केला आणि यायची बंद झाली. शेवटी हॉटेलवाले आले. त्यांनी अख्ख्या जीप उचलल्या आणि दारात उभ्या करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावली. फोटो काढायला बरं पडतं म्हणे.

उरले आबा. वय सत्तरीच्या पुढे. त्यांची जीप आता वडाप करत नव्हती, पण ते तिच्यातून कुठे ना कुठे जात असायचे. नसरापूरच्या बाजाराला, भोरला डोळे दाखवायला, इथे माझ्याकडे चहाला. दिवाळीनंतर एका चढावर मागच्या एक्सलमधली क्राऊन-पिनियनची जोडी फुटली. म्हणजे चाकांना फिरवणारे दोन दातेरी गिअर, एक मोठा, एक लहान. ते जोडीनेच बसतात, जोडीनेच जातात. डिसेंबरात आणि जानेवारीत आबा मुलाच्या पिकअपमधून आले आणि उभे राहून परत गेले. जीप नाही तर लिहिणार कुठे?

फेब्रुवारीत मुलाने जीप दोरीने ओढत आणली. उतरल्या उतरल्या तो मला म्हणाला, "वहिनी, आधीच सांगतो. आज जोडी बसली तर गाडी घरी. न्हाई बसली तर हितनंच पुढं भंगारवाल्याकडं. त्याला सांगून ठिवलंय. शेडात माझी दुसरी पिकअप लावायचीय."

"माज्या म्होरं बोल की, वहिनीला काय सांगतोस," आबा स्टिअरिंगवरूनच म्हणाले.

"तुमच्या म्होरं दोन महिनं बोलतोय."

मी चहा ठेवला. आबांनी खडू मागितला आणि बॉनेटच्या डाव्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं, "क्राऊन पिनियन". उजव्या बाजूपाशी जरा थांबले. द्यायला काही उरलं नव्हतं. स्टेपनी मागेच दिलेली, टपाच्या कांबी दिलेल्या. मग त्यांनी लिहिलं, "हॉर्न".

तो हॉर्न मला पाठ होता. गोगलगाईसारखा वळलेला, लोखंडी, जाड आवाजाचा. वळणावर वाजला की माझ्या दुकानात कळायचं आबा आले.

चाचा आले ते स्कूटरवरून, पायाशी गोणपाटात गुंडाळलेली जोडी घेऊन. त्यांनी ती भोरमधल्या एका बंद गॅरेजातून शोधून काढली होती. गोणपाट उघडलं तेव्हा मुलगासुद्धा पुढे वाकला. ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली, एकाही दाताला खरचटलेलं नाही.

"तुमच्या मॉडेलचीच हाय," चाचा म्हणाले. "नंबर बघून आनलीय. आता बोला."

"बोलायचं काय, हॉर्न काढा," आबा म्हणाले.

"आदी बसू तर द्या."

"न्हाई, आदी काढा. मागनं मन बदललं तर?"

"कुनाचं, तुमचं का माजं?"

"दोघांचं बी. वय झालं आता."

चाचांनी हसत हॉर्नचे बोल्ट काढले, वायर तोडून टेप लावली आणि हॉर्न माझ्या काउंटरवर ठेवला. मग तळहात पुढे केला, ओळ पुसायला. पुन्हा मागे घेतला. "बसल्यावर पुसतो," म्हणाले.

मुलाने जॅक लावला. बापावर चिडलेला असला तरी हात कामाचा होता. चाकं उतरली, जोडी ज्या कवचात बसते त्या हौसिंगचं मागचं झाकण निघालं, जुनं ऑइल मी आणलेल्या पत्र्याच्या डब्यात गेलं. त्यात दातांचे तुकडे होते. आबा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांना विचारलं, "आबा, चालू झाली तर पहिल्यांदा कुठं जाणार?"

"कुठं बी. वहिनी, गाडी दारात आसली की कुनी इचारत न्हाई कुठं निघाला. दोन महिनं झालं, चप्पल घातली की सून इचारती. पोरगं इचारतंय. नातू बी इचारतोय, आजा कुठं चालला. प्रेमानंच इचारत्यात. पन रोज काय सांगू?"

मुलाने ऐकलं असावं. त्याचा पाना क्षणभर थांबला होता.

चाचा पाठीवर झोपून गाडीखाली गेले. बराच वेळ नुसता लोखंडाचा आवाज. मग तोही थांबला.

"काय झालं?" मुलाने विचारलं.

"बॅटरी द्या हिकडं."

मी टॉर्च दिली. थोड्या वेळाने चाचा बाहेर आले आणि उठले नाहीत, तसेच मातीत बसून राहिले.

"हौसिंग ह्या गाडीचं न्हाई," ते म्हणाले. "आबा, तुमचं हौसिंग तडकलं व्हतं, आटवतं का? तवा आपन भाटघरच्या गाडीचं बसवलं. ते दुसऱ्या मॉडेलचं. बसंना म्हनून म्या लेथवर आतनं घासून घेतलं आन बुश मारला. माजीच खूण हाय त्यावर."

"बरं मग? बुश काढा."

"बुश निगंल. घासलेलं लोखंड कुठनं आनू? ही जोडी त्यात लूज बसती. चार वळनं पन जायची न्हाई, परत फुटंल."

"बसवायचं अस्तंय म्हनायचा तुमी."

"व्हय. म्हनून तर घासलं."

मला एक-एक रविवार आठवत होता. एक्सल भाटघरचा, स्टिअरिंग बॉक्स कुठला तरी, गिअरबॉक्स मिलिटरीच्या लिलावातल्या गाडीचा. प्रत्येक वेळी आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. गाडी चालू राहावी म्हणून तिला इतक्या गाड्यांचं करून ठेवलं की आता तिच्या स्वतःच्या मॉडेलची वस्तू तिला चालत नव्हती. आणि हे तिच्या एकटीचं नव्हतं. या मैदानातून गेलेल्या सगळ्या जीप तशाच. सामान मिळत नाही म्हणून बाजार मोडला असं मी लोकांना सांगत आले. पण मिळालं असतं तरी कुठे बसलं असतं?

मुलगा म्हणाला, "जुनं हौसिंग कुठं गेलं? आबांचं, तडकलेलं?" हे त्याने विचारलं याचं मला आश्चर्य वाटलं. भंगारवाल्याला त्यानेच सांगून ठेवलं होतं.

ते मला माहीत होतं. बाजारातच अदलाबदलीत गेलं होतं, वेल्डिंग करून एका जीपला लागलं होतं, आणि ती जीप आता महामार्गावरच्या एका हॉटेलच्या दारात लाल रंगात उभी होती. मी फोन केला. मॅनेजर चांगला बोलला. म्हणाला, काढून न्यायला काही हरकत नव्हती, मालक नाही म्हणाले नसते. पण पोरं वर चढून फोटो काढतात, गाडी हलते, म्हणून गेल्या पावसाळ्याआधीच दोन्ही एक्सल काँक्रीटमध्ये पुरलेत. मी फोन ठेवला आणि सगळ्यांना तसंच सांगितलं. आबा एकदम हसले.

"लावा म्हनावं शेवंती," ते म्हणाले आणि खुर्चीतून उठले. "चल रं. दोरी बांध."

मुलगा म्हणाला, "म्होरल्या महिन्यापतूर थांबायचं का? शेडाचं बगू काय तरी."

"म्होरल्या महिन्यात काय नवीन लोखंड उगवनार हाय का? बांध."

चाकं चढवली, झाकण लावलं. आत फुटकी जोडीच परत घातली, मोकळी, ओढता यावी म्हणून. ओढायच्या गाडीत स्टिअरिंगवर कोणीतरी लागतं. मुलगा पिकअपमध्ये, चाचांना स्कूटर न्यायची. आबाच बसले. आपली गाडी आपणच भंगाराकडे वळवत न्यायची, ब्रेक सांभाळत, दोरीला हिसका बसू नये म्हणून.

मैदानातून महामार्गाच्या बाजूच्या रस्त्याला लागताना एक मोटारसायकल आडवी आली. आबांचा अंगठा सवयीने स्टिअरिंगच्या मध्यावर गेला. दाबला. काही वाजलं नाही. त्यांनी पुन्हा दाबला, मग हात बाहेर काढला आणि मोटारसायकलवाल्याला हातानेच थांबवलं. बॉनेटवरच्या दोन्ही ओळी तशाच होत्या. चाचा तळहात पँटला पुसत त्या बाजूला बघत उभे होते.

"म्या पुसायला पायजे व्हतं का?" त्यांनी मला विचारलं.

"कसं पुसणार? बसली कुठं?"

"व्हय. रीत ती रीत." मग काउंटरकडे बघून म्हणाले, "मग ह्यो हॉर्न बी माजा न्हाई. आबांचा हाय. पोचवा तेवढा." जोडी गोणपाटात गुंडाळून ते भोरला गेले.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी खडू घेऊन मैदानात बसले. चाचांनी फोन करून सांगितलं की गुडघा दुखतोय. आणखी कोणी सांगायलाही फोन केला नाही. सतरंज्या न उलगडता आत ठेवल्या. रस्त्यावरचा पत्र्याचा बोर्ड ह्यांनी उतरवला, त्याच्यावर टायरचे भाव लिहायला जागा झाली. भुसा शेजारच्या ढाब्याला देऊन टाकला. बाजाराची आवराआवर म्हणून जे काही करायचं होतं ते एका दुपारी उरकलं.

हॉर्न तेवढा आहे. आबांच्या मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या वहिनी, काय घाई. आबा आता फारसं भायेर पडत न्हाईत." आबांना फोन द्या म्हटलं, तर झोपलेत म्हणाला. दुपारचे चार वाजले होते. त्यानंतर नसरापूरपर्यंत माझं दोनदा जाणं झालं. तिथून विंझर काही लांब नाही. दोन्ही वेळा हॉर्न पिशवीत होता, आणि दोन्ही वेळा मी पिशवी घेऊन परत आले. गाडी नसलेल्या माणसाच्या हातात हॉर्न कसा ठेवायचा, त्या वेळी काय बोलायचं, ते माझं ठरत नाही.

परवा दुकान झाडताना तो बॅटरीला जोडून बघितला. चालू आहे. रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरच्या माणसाने मान वर करून वळणाकडे बघितलं. मी वायर काढली, हॉर्न पुसला आणि पुन्हा पिशवीत घातला. पिशवी दाराच्या खिळ्याला आहे. विंझरला पोचवायची आहे.